किरमिजी रंगाचा हिशेब

साडीच्या दुकानात बसलं की आपण किती सहज म्हणतो, "तो गुलाबी नको, अस्मानी दाखवा. बदामीत काही आहे का? आणि फिरोजी?" दुकानदारही त्याच शब्दांत उत्तर देतो. ही सगळी नावं फारसी आहेत. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी, त्यातून गुलाब झाला. आस्मान म्हणजे आभाळ. फिरोजा हा इराणात निशापूरच्या खाणीत सापडणारा निळा खडा. आमच्या हैदराबादेकडे तर बहमनी काळापासून थेट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत फारसी ही दरबाराची भाषा होती, तेव्हा मराठीत तिचे शब्द मुरले याचं नवल नाही. गालिचा हा शब्दही तिथलाच. मोठा तो 'गाली' आणि लहान तो 'गालिचा'. आपण मात्र लहानमोठ्या सगळ्यांनाच गालिचा म्हणतो.

या रंगांच्या नावांतलं एक नाव ऐकलं की मी जरा थांबते. ते म्हणजे किरमिजी. काळपट झाक असलेला गडद लाल. 'किर्मिज' हा एक किडा. फारसीतला 'किर्म' आणि आपल्या संस्कृतातला 'कृमि' ही सख्खी भावंडं. म्हणजे किरमिजी रंग म्हणजे किड्यांपासून केलेला रंग. आपल्या बायकांच्या तोंडी इतकी शतकं असलेल्या या शब्दाच्या पोटात हा अर्थ दडला आहे.

इराणी गालिच्यांबद्दल वाचायला लागले ती या एका शब्दामुळे. मी इतिहास घेऊन बी.ए. झाले आणि पुढची तीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळलं. त्यामुळे असेल, पण कुठलीही सुंदर वस्तू बघितली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, हे शिजवलं कोणी? गालिच्यांच्या बाबतीत हा प्रश्न अगदी अक्षरशः विचारता येतो, कारण रंग हे शिजवावेच लागतात.

मुख्य लाल रंग किड्यांचा नव्हे, मुळीचा. इराणात तिला 'रुनास' म्हणतात. आपल्या आयुर्वेदातली मंजिष्ठा तिची जवळची बहीण. झाड निदान तीन वर्षांचं झालं की मुळ्या खणायच्या, वाळवायच्या, कुटायच्या. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळायची, कारण तुरटीशिवाय रंग धाग्याला धरून राहत नाही. मग मुळीच्या काढ्यात शिजवायची. काढा किती दाट, आच किती, पाणी जड की हलकं यावर विटकरी लाल येईल की डाळिंबी, हे ठरतं. मध्य इराणातल्या काही गावांत रुनासमध्ये ताक घालून लोकर भिजवत. ताकाला तिकडे 'दूग' म्हणतात, म्हणून त्या मऊ गुलाबीसर रंगाचं नाव 'दूगी'. कढी करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा रंग लगेच ओळखीचा वाटावा!

निळ्यासाठी नीळ. तिची पानं आंबवून रंग काढतात, आणि एकेकाळी ती नीळ आपल्याकडूनही इराणात जात असे. अहमदाबादजवळच्या सरखेजची नीळ त्या व्यापारात नावाजलेली होती. पिवळ्यासाठी 'इस्परक' नावाची रानवनस्पती आणि डाळिंबाची साल. तपकिरीसाठी अक्रोडाची हिरवी टरफलं. हिरवा हवा तर पिवळी लोकर पुन्हा निळीत बुडवायची, म्हणजे दुप्पट काम. हिरवा पैगंबरांशी जोडलेला रंग म्हणून तो पायाखाली बेतानं वापरत असंही म्हणतात.

काळा रंग सगळ्यांत हट्टी. तो करताना लोखंडाचा अंश वापरावा लागे, आणि ते लोखंड वर्षानुवर्षं लोकर खात राही. म्हणून कित्येक जुन्या गालिच्यांत काळ्या रेषा झिजून खोल गेलेल्या दिसतात आणि शेजारची लाल-निळी फुलं उठावदार होतात. लोक त्याला कलाकुसर समजतात, पण ते शे-दोनशे वर्षांच्या झिजेचं काम असतं.

आता नक्षीकडे येऊ. इराणी गालिचा म्हणजे मुळात बाग. उन्हानं भाजणाऱ्या, पाण्याला मोताद असलेल्या पठारावर भिंत घालून आत पाणी खेळवायचं आणि झाडं लावायची, यापरतं सुख नाही. जुन्या इराणी भाषेत अशा भिंतीआडच्या बागेला जो शब्द होता, त्यातूनच युरोपातल्या भाषांना स्वर्गासाठी पॅराडाइज हा शब्द मिळाला. तीच बाग घरात जमिनीवर अंथरायची म्हणजे गालिचा. सासानी राजांच्या राजवाड्यातल्या प्रचंड गालिच्याचं वर्णन अरब इतिहासकार तबरीनं करून ठेवलं आहे. सोन्याची जमीन, रत्नांची फुलं, पाण्याचे पाट, असा तो वसंत ऋतूच अंथरलेला. इसवी सन ६३७ मध्ये अरबांनी राजधानी जिंकली तेव्हा तो मदिनेला नेला आणि तुकडे करून वाटला. अलींच्या वाट्याला आलेला तुकडाच वीस हजार दिरहमांना विकला गेला. अख्खा गालिचा काय असेल याची कल्पना करावी.

तो गेला, पण बागेची नक्षी राहिली. चार पाटांनी चार वाफे पाडलेली, पाण्यात मासे आणि बदकं, काठानं सुरूची झाडं. असा एक थोरला इराणी गालिचा आपल्या जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात आहे. तो १६३२ मध्ये आमेरच्या भांडारात होता अशी नोंद त्याच्या अस्तरावर सापडली. लांबी सुमारे २८ फूट. जयपूरला जाल तर हवामहालच्या गर्दीतून थोडा वेळ काढून तो जरूर बघा.

बाकीची नक्षीही याच बागेतली. मधोमध मोठं पदक असतं त्याला 'तुरंज' म्हणतात. तुरंज म्हणजे महाळुंग, आपल्या ईडलिंबाच्या जातीचं फळ. चौकोनाभोवती वळलेली चार लांब पानं दिसली तर ती 'हेराती' नक्षी. तिलाच 'माही' म्हणजे मासा असंही नाव आहे, कारण ती पानं पाण्यात वळसा घेणाऱ्या माशांसारखी दिसतात. एका बाजूला मान कलवलेलं पान किंवा कळी असते तिला 'बोते' म्हणजे झुडूप म्हणतात. आपण तिला कोयरी म्हणतो, साडीच्या पदरावर मिरवतो आणि मेंदीत काढतो. ढगांच्या वळ्या मात्र चीनमधून आल्या, मंगोलांच्या स्वाऱ्यांनंतर.

इथवरचा इतिहास बहुतेक पुस्तकांत सापडतो, आणि तो राजांच्या नावांनी सांगितलेला असतो. शाह तहमास्प, शाह अब्बास, अमुक घराणं, तमुक शैली. यातला सगळ्यांत नावाजलेला गालिचा अर्दबीलचा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं तो १८९३ मध्ये दोन हजार पौंडांना घेतला. घ्यावाच असा आग्रह धरणाऱ्यांत विल्यम मॉरिस हा प्रसिद्ध नक्षीकार होता. गालिचा साडेदहा मीटर लांब, त्यात सुमारे अडीच कोटींवर गाठी, आणि रंग मात्र दहाच. या दहा रंगांना उजेडाचा त्रास होऊ नये म्हणून तिथे दर अर्ध्या तासाला दहाच मिनिटं दिवे लावतात. खरं तर अर्दबीलच्या दर्ग्यात अशी जोडी होती. एक दुरुस्त करण्यासाठी दुसरा कापला, आणि तो उरलेला जोडीदार आता अमेरिकेत लॉस एंजलिसच्या संग्रहालयात आहे.

या गालिच्याच्या एका टोकाला विणलेल्या अक्षरांत एक नाव आहे, मकसूद काशानी, आणि सन ९४६ हिजरी, म्हणजे इसवी सन १५३९-४०. पुस्तकांत म्हणूनच 'मकसूदचा गालिचा' असं येतं. पण अभ्यासक सांगतात की मकसूद हा विणकर नसावा, काम करून घेणारा दरबारी अधिकारी असावा. मागावर एकावेळी दहाजण बसले असतील, कित्येक वर्षं बसले असतील. शाही कारखान्यांत बहुधा पुरुष विणत. त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. ज्यानं हुकूम दिला त्याचं नाव, आणि ज्यांच्या बोटांची सालं निघाली त्यांचं काहीच नाही.

गावांत आणि भटक्या टोळ्यांत तर विणणाऱ्या बायकाच. फार्स प्रांतातल्या कश्काई टोळ्या उन्हाळ्यात डोंगरावर आणि थंडीत खाली उतरतात. तिथे मेंढ्या कातरायच्या आणि माग बांधायचा हे पुरुषांचं काम. लोकर कातणं, नक्षी ठरवणं, रंग निवडणं आणि विणणं हे बायकांचं. समोर कागद नाही, नकाशा नाही. आईनं शिकवलेलं आणि डोळ्यांपुढं दिसणारं, यातून गालिचा होतो. म्हणून तिथे मध्येच एखादी शेळी, कोंबडी, छोटं माणूस येऊन उभं राहतं. एकीनं केलेला गालिचा दुसऱ्यांदा तसाच होत नाही. युनेस्कोनं २०१० मध्ये फार्स आणि काशान इथलं गालिचे विणण्याचं कसब अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा ही गोष्ट मुद्दाम नोंदवली. काशान शहरात दर तिघांतला एक माणूस या धंद्यात आणि त्यांत दोन तृतीयांशाहून जास्त बायका, असंही त्यात म्हटलं आहे.

टोळीतल्या बाईचं रंगाचं भांडं लहान. एकदा शिजवलेली लाल लोकर संपली की दुसऱ्या मुक्कामी पुन्हा शिजवायची. पाणी वेगळं, मुळी वेगळी, म्हणून लाल थोडा वेगळा उतरतो. गालिच्याच्या मध्येच रंगाचा असा आडवा पट्टा दिसतो त्याला 'अब्रश' म्हणतात. कालची आणि आजची आमटी कधी एका रंगाची होते का? तसंच हे. मला तो पट्टा फार आवडतो, कारण इथे तिची लोकर संपली होती आणि तिनं पुन्हा चूल पेटवली होती, हे तो पट्टाच सांगतो. नाव नसलेल्या बाईची तेवढी एक खूण.

आता पुन्हा किरमिजीकडे. दरबारी गालिच्यांना मुळीचा लाल पुरेसा वाटत नसे. त्यांना निळसर झाक असलेला श्रीमंत लाल हवा असे, आणि तो किड्यांपासूनच मिळे. सफवी काळच्या कित्येक गालिच्यांच्या तपासणीत लाखेचा रंग सापडला आहे. ही लाख आपल्याच जंगलांतली, झाडावरच्या किड्यांनी केलेली, इथून जहाजांनी तिकडे गेलेली. पुढं एकोणिसाव्या शतकात अमेरिका खंडातला कोचिनील किडा आला. किरमान आणि मशहदकडचे रंगारी तो वापरू लागले. वाळवलेल्या कोचिनीलच्या एका पौंडात सुमारे सत्तर हजार किडे असतात असं सांगतात. आपल्या घरांत असा आकडा ऐकला की हात आपोआप मागे जातो. आमच्या सासूबाईंनी किड्यांच्या कोषांचा विचार करून रेशीम सोडलं होतं. लाल रंगाचं त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं कोण जाणे.

मग एक मोठा बदल झाला. १८५६ मध्ये पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाला प्रयोगशाळेत डांबरापासून जांभळा रंग मिळाला. पाठोपाठ असे रंग युरोपातल्या कारखान्यांतून निघू लागले. १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी रुनासच्या मुळीतलं लाल द्रव्यच कृत्रिम रीतीनं बनवलं. आता मुळी नको, किडे नकोत, तीन वर्षं थांबणं नको. हे सगळं ऐकायला चांगलंच वाटतं.

पण इराणात पहिल्यांदा पोहोचले ते स्वस्त आणि कच्चे रंग. ते उन्हात विटत, ओले झाले की पसरत. भडक जांभळट लाल दहा-वीस वर्षांत राखाडी होई. त्याच सुमाराला युरोप-अमेरिकेत इराणी गालिच्यांना मागणी वाढली होती. मँचेस्टरच्या झीग्लर कंपनीनं १८८३ मध्ये सुलतानाबादला, म्हणजे आजच्या अराकला बस्तान बसवलं आणि तिकडच्या दिवाणखान्यांना शोभतील असे फिके रंग, मोकळी नक्षी विणून घ्यायला सुरुवात केली. नाव खराब होईल या भीतीनं नासिरुद्दीन शाहच्या सरकारनं कच्च्या रंगांच्या आयातीवर बंदी घातली. पुढं असे रंग असलेल्या गालिच्यांच्या निर्यातीवर जादा कर बसला. रंग टिकावा म्हणून सरकार, व्यापारी, परदेशी गिऱ्हाईक सगळे जागे झाले.

विणणारी मात्र कोणाला दिसली नाही.

ही गोष्ट किरमानची. किरमानच्या शाली एकेकाळी काश्मीरच्या शालींच्या तोडीच्या. युरोपातली शालींची फॅशन बदलली, शाली बसल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथले कारागीर गालिच्यांकडे वळले. शालीवरच्या कोयऱ्या गालिच्यावर आल्या. किरमानच्या गालिच्याची वीण बारीक, गाठी लहान, आणि लहान गाठींना लहान बोटं बरी. म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुली आणि मुलं मागावर बसवली जात. मागाजवळ एकजण नक्षी सुरात वाचून दाखवी, अमुक लाल, अमुक निळा, अमुक पांढरा, आणि मुलं त्या लयीत गाठी मारत. लांबून ऐकणाऱ्याला गाणं वाटावं.

लोकर कोरडी पडून तुटू नये म्हणून खोल्या ओलसर आणि अंधाऱ्या ठेवत. त्यांत त्या मुली पहाटेपासून सांजेपर्यंत अरुंद फळीवर पाय दुमडून बसत. ऊन नाही, धड खाणं नाही. हाडं मऊ पडत, पाय वाकत, कंबरेचं हाड वाकडं होई. मुलगी मोठी होई, लग्न होई, आणि बाळंतपणात अडे. किरमानच्या मिशन दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आणि लिहून ठेवलं. किती बाया आणि किती बाळं यात गेली असतील! एका चांगल्या गालिच्याच्या किमतीत हे कुठंच मांडलेलं नव्हतं.

अखेर ओरड झाली. १९२३ मध्ये किरमानच्या गव्हर्नरनं हुकूम काढला. कामाचा दिवस आठ तासांचा, शुक्रवारी सुट्टी. आठ वर्षांखालचा मुलगा आणि दहा वर्षांखालची मुलगी मागावर बसवायची नाही. तळघरात, ओलसर जागेत माग घालायचे नाहीत. आज वाचताना आठ आणि दहा ही वयं ऐकूनच पोटात कालवतं. पण आधी काय होतं हे कळलं की या हुकुमाचं मोल समजतं.

मी हे वाचत होते तेव्हा पर्युषणाचे दिवस होते. प्रतिक्रमणात आपण एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळ्या जिवांना आठवून क्षमा मागतो. किडा मेला का हे आपण विचारतो, आणि ते विचारायलाच हवं, त्यात मला शंका नाही. पण माग अंधारात होता का, गाठ मारणारी बोटं किती वर्षांची होती, हाही त्याच हिशेबातला प्रश्न आहे. रुनासच्या मुळीत रंगवलेला, एकही किडा न मारलेला, निव्वळ लोकरीचा गालिचासुद्धा त्या मुलीच्या हाडांवर विणलेला असू शकतो. अहिंसेची वस्तू कुठली हे फक्त कशापासून केली यावरून ठरत नाही, कोणाकडून आणि कशी करून घेतली हेही बघावं लागतं.

हे फक्त इराणचं नाही. आपल्याकडे भदोही-मिर्झापूरच्या मागांवर लहान मुलं बसत होती, आणि त्यांच्यासाठी कैलाश सत्यार्थींनी आवाज उठवला. १९९४ मध्ये 'रगमार्क' हे चिन्ह सुरू झालं. मुलांच्या श्रमाशिवाय केलेला गालिचा ओळखता यावा म्हणून. आता त्याचं नाव 'गुडवीव्ह' आहे. घरात नवा गालिचा घ्यायचा विषय निघाला तर आपण रंग विचारतो, माप विचारतो, धुतला तर चालेल का विचारतो. या यादीत हा एक प्रश्न घालायला काय हरकत आहे? दुकानदाराला उत्तर माहीत नसेल. दहाजणींनी विचारलं तर तो माहिती काढून ठेवील.

आणि बघण्याची एक रीत सांगते. आमच्याकडे सालारजंग संग्रहालयात इराणी गालिचे मांडलेले आहेत, तिथे आपल्याला फक्त पुढची बाजू दिसते. पण दुकानात जाल तेव्हा गालिचा उलटा करायला सांगा. चांगला दुकानदार न सांगताच करतो. मागच्या बाजूला लोकरीची लव नसते, नुसत्या गाठी असतात, ओळीनं, एकेक मोजता येईल अशा. नक्षी तीच दिसते, पण जरा उघडी. कुठं ओळ किंचित वाकडी गेलेली असते. कुठं लाल रंग अचानक वेगळा होतो, तिथं लोकर संपलेली असते. त्या ओळीवरून बोट फिरवून बघा. हातानं मारलेल्या प्रत्येक गाठीमागं कोणाची तरी दोन बोटं होती. ती केवढी होती, तेवढं विचारून मग पैसे काढा.